खुंटीचा तिरका चढ

माझ्या धाकट्या नणंदेला सगळे खुंटी म्हणायचे. उंचीला जेमतेम माझ्या खांद्याइतकी, अंगाने काटक, आणि एकदा एका जागी उभी राहिली की चार माणसांनी उपटली तरी निघायची नाही. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ती दोन वेण्या घालून फिरत होती. पहिल्याच दिवशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "वहिनी, दादाला घाबरू नकोस, तो नुसता ओरडतो. घाबरायचं असेल तर मला घाबर." मी हसले. मला वाटलं, पोर गंमत करतेय.

आता तिच्याबद्दल लिहायला बसले त्याला माझी नात कारण. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा जेवणाच्या टेबलावर चित्र काढत होती. एक उतार, त्यावर एक खोका, आणि खोक्याला चहूबाजूंनी बाण टोचलेले. मी म्हटलं, "अगं, ही तर खुंटीची गाडी."

"कोण खुंटी?"

माझ्याच घरात खुंटी कोण म्हणून विचारतात म्हणजे कमाल झाली. मी तेव्हाच ठरवलं, लिहायचंच. शिक्षण माझं नावालाच आहे, अक्षर वाकडं येतं, पण आठवण सरळ आहे.

खुंटीचा नवरा हातगाडी ओढायचा. चांगला उंचापुरा माणूस. दोघं रस्त्याने निघाली की लांबून वाटायचं, शिडी आणि स्टूल फिरायला चाललेत. नदीकाठी गोदामं होती, वर बाजार होता, आणि मध्ये एकच दगडी चढ, दोन्ही बाजूंना भिंती असलेला. खालची पोती वर न्यायची, एवढंच त्या चढावरच्या माणसांचं काम. खाली गाड्यांचा तळ होता. तिथे गाड्या ओळीने उभ्या राहायच्या आणि मुकादम शिट्टी मारून एकेकाला बोट दाखवायचा. ज्याच्याकडे बोट, त्याने पोती भरायची. बाकी मुकादम फारसं बोलायचाच नाही, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. अर्थात त्याच्या पाठीमागे.

एक दिवस गोदामात थप्पी घसरली आणि खुंटीचा नवरा पोत्यांखाली सापडला. जीव वाचला, पण कंबर गेली. तो उठून बसेपर्यंत दिवस मोठ्याचे लहान झाले, आणि तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं की हा माणूस आता गाडी ओढणार नाही.

तळावरची जागा तशी घराण्याची. घरातलं कोणी उभं राहिलं तर ती घराकडे राहायची, नाहीतर मुकादम देईल त्याला. आणि शिट्टीचा मेव्हणा कधीचा तिथे घिरट्या घालत होता. पण नुसतं उभं राहून चालायचं नाही. आधी चढ दाखवावा लागायचा. भरलेली गाडी एकट्याने वरपर्यंत न्यायची, कोणाचा हात लागता कामा नये, आणि मध्येच दमून चाकामागे दगड लावला की नापास. प्रत्येकाला दोनदा संधी. त्या तळावर सगळेजण असेच आलेले.

माझे यजमान बहिणीला म्हणाले, "तुम्ही दोघं आमच्याकडे या राहायला. दोन खोल्या आहेत, होईल कसंही."

खुंटी म्हणाली, "दादा, मी पाहुणी म्हणून येईन. भांडायला म्हणून रोज येईन. पण बिचारी म्हणून नाही येणार."

दुसऱ्या दिवशी ती तळावर गेली. तिथे काय झालं ते तिने मला सांगितलं आणि नंतर तळावरच्या इतरांनीही सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही सारखंच निघालं.

मुकादम म्हणाला, "बाई, ही पोती बायकांची नाहीत."

"तसं पोत्यांवर लिहा. त्यांना तरी कळू दे."

मेव्हणा मध्येच बोलला, "अगं, तुझ्यापेक्षा पोतं उंच आहे!"

"पोत्याला चालता येत नाही ना, म्हणून मी आलेय."

तळावर हशा पिकला. शिट्टीला हशा आवडायचा नाही. त्याने बाजाराचा दिवस नेमून दिला, म्हणजे बघायला भरपूर माणसं असतील असा.

नवरा तिला शिकवायला बसला. बिछान्यातून त्याने सगळं सांगितलं. दांड्या कशा धरायच्या, मान कुठे, छाती कुठे, श्वास कधी. आणि खांद्यावरची दोरी. गाडीच्या पुढच्या आडव्या लाकडाला खालून दोरी बांधतात आणि तिचा पट्टा खांद्यावरून घेतात, म्हणजे जोर हातांवर न येता अंगावर येतो. त्याची दोरी त्याच्या मापाची, लांब. त्याने मायेने ती कापली आणि आखूड करून दिली. बुटक्या माणसाला बुटकी दोरी. माझा एखादा झगा तिला द्यायचा तर मी आखूडच केला असता की. आम्हा सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

बाजाराच्या दिवशी ती चढाला लागली. मी वर भिंतीपाशी उभी होते, तिचा नवरा खोक्यावर बसलेला, त्याला दोघांनी उचलून आणलं होतं. सुरुवातीला गाडी हलली. मग काय झालं कोणास ठाऊक, खुंटी जितका जोर लावेल तितक्या दांड्या वर वर जायला लागल्या. गाडीचं तोंड आभाळाकडे आणि ढुंगण जमिनीकडे. पोती मागे सरकली. आणि माझी नणंद दांड्यांना धरून लोंबकळायला लागली, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखी. पाय जमिनीला टेकत नव्हते. गाडी मागे जायला लागली तेव्हा कोणीतरी धावत जाऊन चाकामागे दगड सारला.

शिट्टी वाजली. अख्खा बाजार हसला. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि अजून माझ्या हाताला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

खुंटी खाली उतरली. गुडघा फुटला होता. कपडे झटकून म्हणाली, "पुढच्या बाजारी परत."

"कशाला, परत लोंबकळायला?" मुकादम म्हणाला.

"हो. तुमची करमणूक झाली ना? लवकर या, पुढची जागा मिळेल."

घरी आली ती थेट माझ्याकडे. गुडघा धुता धुता मी रडायच्या बेतात, आणि हिचं लक्ष भलतीकडेच. पट्टीसाठी जुनं कापड हवं म्हणून मी पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढत होते. कडीला नाडा बांधलेला होता. मी पलंगाला खेटून उभी, नाडा हातात, आणि ट्रंकेचं तोंड नुसतं वर उचललं जात होतं. सरकत नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "लांब जा."

"अगं, लांब जाऊन कशी ओढू?"

"लांब जा, खाली बस आणि ओढ."

मी दाराशी फतकल मारून बसले आणि ओढली. ट्रंक सुळकन बाहेर आली आणि मी उताणी पडले. खुंटी हसत सुटली. "वहिनी, त्यांनी दोरी कापली तिथेच घात झाला. आखूड दोरी वर उचलते, पुढे नेत नाही."

हे मी नातीला सांगितलं तेव्हा तिने पेन्सिल उचलली. म्हणाली, "आजी, तिरकी ओढ म्हणजे दोन ओढींची बेरीज. एक आडवी, एक उभी. त्यांना घटक म्हणतात. दोरी जितकी उभी होते तितका उभा घटक वाढतो आणि आडवा कमी होतो. जोर तोच, पण गाडीला पुढे नेणारा हिस्सा घटला." तिने बाण काढून दाखवले. एक लांब तिरका बाण, आणि त्याची आडवी नि उभी सावली पडावी तसे दोन छोटे. मी पाहतच राहिले. ट्रंकेत सावल्या पडतात हे मला ठाऊक नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. गुडघा सुजलेला, तरी खुंटी रोज तो चढ चढून माझ्याकडे यायची, कारण तिचं घर खाली आणि माझं वर. एके दिवशी मी भिंतीवरून पाहिलं तर ही बया चढावर नागमोडी चालत येतेय. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग परत ह्या भिंतीकडे. मला वाटलं चक्कर येतेय हिला. धावत गेले.

"काय गं, बरी आहेस ना?"

ती मध्येच थबकली आणि स्वतःच्या पायांकडे पाहायला लागली, जणू दुसऱ्या कोणाचे असावेत. "वहिनी, सरळ आलं की गुडघा बोंबलतो. तिरकं आलं की गप्प बसतो. मी ठरवलं नव्हतं, पायांनीच ठरवलं."

मग ती हळूच म्हणाली, "गाडीलाही गुडघे असते तर तिनेही हेच केलं असतं."

ह्यावरही नातीला मी विचारलं, की असं तिरकं गेलं तर मेहनत वाचते का. मला वाटलं ती हो म्हणेल. पण पोरगी मापातच बोलते. म्हणाली, "नाही आजी, सगळी मेहनत धरली तर ती वाचत नाही. जेवढं वर चढायचं तेवढं चढावंच लागतं, उलट रस्ता लांबतो. पण चढावर वजनाचे दोन घटक होतात. एक रस्त्याला दाबतो, एक उताराने खाली खेचतो. तिरकं गेलं की तुझ्या वाटेवर आडवा येणारा खेचणारा हिस्सा लहान होतो. म्हणजे एका पावलाला लागणारा जोर कमी, पावलं जास्त."

"म्हणजे ही लबाडी नव्हे?"

"लबाडी कसली? लहान लहान हप्त्यात चढ चढणं झालं."

हे वाक्य त्या वेळी माझ्याजवळ असतं तर किती बरं झालं असतं. कारण लबाडी हाच शब्द आम्हाला आधी घरात ऐकायला मिळाला. तिच्या नवऱ्याला कळलं तसा तो उशीवरून उसळला.

"तिरकं? माझ्या बापाने सरळ ओढली, मी सरळ ओढली. तिरकं जायचं म्हणजे चढापुढे मान खाली घालायची. लबाडी आहे ती!"

"तुमच्या बापाचे गुडघे म्हातारपणी जिन्यावर कसे कुरकुरायचे, ते माझ्या कानांनी ऐकलंय."

"लोक हसतील."

"हसून झालंय त्यांचं. आता दुसरं काहीतरी करतील."

नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला आणि दोन दिवस बोलला नाही. ती दुपारी चढ मोकळा असताना रिकामी गाडी घेऊन तिरकी तिरकी फिरायची, मग थोडी भरून. एकदा पोती उंच रचली तर गाडी कडेला कलंडायला आली. तिरक्या वाटेवर उताराच्या बाजूच्या चाकावर जास्त भार येतो, तेव्हा ओझं बसकं हवं, पसरून हवं, हे तिला त्या दिवशी कळलं. गाडी पूर्ण आडवी उभी केली तर दगड न लावताच जागच्या जागी उभी राहते, हेही तिथेच कळलं. अबोल्याच्या तिसऱ्या सकाळी उठून पाहते तर उशाशी नवी लांब दोरी, पट्ट्यासकट, बांधून तयार. नवरा अजून भिंतीकडेच तोंड करून. तिनेही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

बाजाराचा दिवस आला. ह्या वेळी गर्दी जास्त होती. मोजा लोंबकळताना बघायचा होता ना सगळ्यांना. मेव्हण्याने तर आपली गाडी धुऊन पुसून आणली होती, लगेच जागेवर लावायला.

खुंटीने पोती भरली, बसकी, एकावर एक न चढवता. पट्टा खांद्यावर घेतला, वाकली, आणि डाव्या भिंतीकडे निघाली.

आधी कोणाला काही कळलं नाही. भिंतीपाशी पोचल्यावर तिने गाडी वळवली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण वळताना एक क्षण असा येतोच की गाडीचं तोंड थेट वर असतं आणि सगळं खेचणं एकदम अंगावर येतं. तिच्या मानेची शीर मला वरून दिसली. पाय एकदा घसरला. मग चाक फिरलं आणि ती उजव्या भिंतीकडे चालू लागली. खाली कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या वळणानंतर कुजबुजीचा गलका झाला. चढाच्या मध्यावर ती आली तेव्हा शिट्टी कर्कश वाजली.

"थांब! हे चालणार नाही! सरळ ओढ!"

खुंटीने गाडी रस्त्यात पूर्ण आडवी केली, दांड्या टेकवल्या, पट्टा काढला, आणि हात झटकून उभी राहिली. गाडी तसूभर हलली नाही. चाकामागे दगड नव्हता. खाली चार-सहा भरलेल्या गाड्या अडकल्या. वरून एक रिकामी येत होती तीही अडकली.

"काय म्हणालात?"

"सरळ ओढ म्हणालो. नियम आहे."

"नियम म्हणून दाखवा."

शिट्टीला इतकं लांब बोलायची सवय नव्हती. तरी म्हणाला, "भरलेली गाडी. एकट्याने. कोणाचा हात नाही. चाकाला दगड नाही. वरपर्यंत."

"ह्यात सरळ कुठे आहे?"

"ते सांगावं लागत नाही!"

"मला लागतं. मी बुटकी आहे, वरच्यावर बोललेलं मला ऐकू येत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ह्या वेळी तिला नाही. मेव्हणा तणतणला, "लबाडी आहे ही! सगळ्यांनी छाती फोडून सरळ नेली!"

"मग फोडलेली छाती दाखव, मी मलम लावते. माझी मला हवी आहे."

खालच्या अडकलेल्या गाडीवाल्यांचे हात भरून यायला लागले होते. एकजण ओरडला, "अहो, तिला जाऊ द्या तरी, नाहीतर आम्हाला दगड लावू द्या!" वरून साखरेचा व्यापारी डोकावला, पोती त्याची होती. "माझा माल चढावर कसली सभा भरवतोय?"

मुकादम म्हणाला, "मी शिट्टी मारली. नापास."

खुंटीने पट्टा परत खांद्यावर घेतला. "मारा. शिट्टीने गाडी मागे जात नाही."

आणि ती निघाली. शिट्टी वाजत राहिली, ही चालत राहिली. शेवटच्या वळणाला ती इतकी वाकली होती की नाक दगडाला लागेल असं वाटलं. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले. मग चाकांचा आवाज बदलला, खडखड एकदम मऊ झाली, सपाटी लागली होती. ती नवऱ्याच्या खोक्यासमोर येऊन थांबली. घामाने निथळत होती. मला वाटलं तो आता रडतो की काय.

तो म्हणाला, "दोरी अजून वीतभर लांब हवी होती."

"मग उद्या करा," ती म्हणाली.

मुकादम धापा टाकत वर आला. "हे धरणार नाही मी. गाडी खाली ने आणि परत सरळ आण."

"भरलेली गाडी मी खाली नेणार नाही. तुम्हाला हवी तर न्या. सरळ न्या मात्र."

शिट्टीने दांड्यांकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. हात काही लावला नाही. तेवढ्यात व्यापाऱ्याच्या माणसांनी पोती उतरवायलाही घेतली, त्यांना साखरेशी मतलब. खुंटी रिकामी गाडी घेऊन खाली गेली, आणि नवऱ्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली. मेव्हण्याची धुतलेली गाडी तिथे अर्धी घुसली होती. तिने आपल्या दांड्या शेजारी घुसवल्या, चाकाला चाक घासलं, आणि तो मागे सरकेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. तो सरकला. तिच्याकडे फार वेळ कोणी बघू शकायचं नाही.

मुकादमाने पुढच्या फेरीला तिच्या अलीकडच्याला बोट दाखवलं, मग एकदम पलीकडच्याला. तिला वगळलं. खुंटीने पलीकडच्याला "थांब, माझी पाळी" एवढंच सांगितलं आणि गाडी गोदामाच्या दाराशी नेली. शिट्टी वाजली. आत पोती उचलून देणाऱ्यांनी मुकादमाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "टाका, बसकी टाका." त्यांनी टाकली.

त्या दिवसापासून तिने कोणाच्या बोटाची वाट पाहिली नाही. पाळी आली की निघायची. शिट्टीने पहिल्या हंगामात फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले, मग सोडून दिलं. तिच्या पाळीला तो दुसरीकडे बघायचा. सरळ जाणारे सरळच जात राहिले, छाती त्यांची. पण उन्हाळ्यात, भार जास्त असला की, एखादा गाडीवाला चढावर हळूच भिंतीकडे कलायचा, आणि कोणी पाहिलं तर म्हणायचा की तिथे दगड निसरडा होता. निसरडे दगड दरवर्षी वाढत गेले.

तिचे केस पिकेपर्यंत ती तिथे होती. नवऱ्याने घरी बसून दोऱ्या वळल्या, सगळ्या तळाला पुरवल्या. तळावर नवीन माणूस आला की कधीतरी विचारायचाच, "बाई, तुम्हाला चढ दाखवल्यावर पास कोणी केलं?"

"कोणी नाही," ती पट्टा खांद्यावर घेत म्हणायची. "मी अजून नापासच आहे. सरक, माझी पाळी आली."